सुनेनं चारलेली खीर

कारल्याच्या रसाचा पेला समोर धरला की माझी बायको आधी माझ्याकडं बघायची, मग पेल्याकडं. दोन्हींतलं जास्त घाण तिला काय वाटायचं, ते तिनं कधी सांगितलं नाही. मलाही विचारायची गरज वाटली नाही.

आमच्या गावात आणि सोयऱ्याधायऱ्यांत गेली काही वर्षं एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या सुनेनं येळवशीच्या दिवशी, साखरेचा आजार असलेल्या सासूला सगळ्यांसमोर खीर चारली आणि सासू मरता मरता वाचली, अशी ती गोष्ट. लग्नात पंगत बसली की अजूनही कुणीतरी एखाद्या सुनेच्या हातातल्या गोडाच्या ताटाकडं बघून हसतं. ही गोष्ट खोटी आहे. ती मी तयार केली, मी पसरवली आणि बायको जिवंत असेपर्यंत मी ती मोडू दिली नाही. आता पंचाहत्तरी गाठली आहे. जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

बायकोची साखर वाढल्याचं परळीच्या दवाखान्यात कळलं. डॉक्टरांनी गोळी दिली. गोड कमी करा, चाला, वेळेवर जेवा, एवढं सांगितलं. माझं समाधान एवढ्यानं होणारं नव्हतं. मी दोनदा सरपंच राहिलेला माणूस. मला हुकूम सोडायची सवय. आणि आजार म्हणजे तरी काय, घरात शिरलेला विरोधी पक्षच, असं मला वाटायचं.

त्याच सुमारास परळीत एका मंगल कार्यालयात एका माणसाचं व्याख्यान झालं. अशी व्याख्यानं तेव्हा गावोगावी व्हायची. पांढरे कपडे, कॉलरला अडकवलेला माइक, आणि साखरेचा आजार मुळापासून उपटून टाकतो अशी भाषा. त्यानं भाकरीला विष म्हटलं. ज्वारीच्या भाकरीला. ज्वारी खाऊन मोठ्या झालेल्या, ज्वारी विकून पोरींची लग्नं केलेल्या माणसांनी भरलेल्या सभागृहात तो हे बोलला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर पुढच्या रांगेत होतो. येताना दोन पिशव्या भरून सामान घेऊन आलो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराचा ताबा मी घेतला. सकाळी उठल्याबरोबर कारल्याचा रस. कारलं किसून फडक्यातून पिळलं की वर हिरवट फेस येतो. तो फेस आधी जिभेला लागतो आणि दुपारपर्यंत जात नाही. त्यावर रात्रभर भिजलेल्या मेथीचं पाणी, शेंबडासारखं तार धरणारं. मग जवसाची भुकटी, जी कितीही पाणी प्यालं तरी टाळ्याला चिकटून राहते. शेवग्याचा पाला मी स्वतः गच्चीवर वाळवायचो. परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख वाऱ्यानं आमच्या बाजूला येते, ती त्या पाल्यावर बसायची. बायको म्हणायची, "आता राखबी चारा. मेल्यावर लावायची ती आधीच पोटात जाऊ द्या." चहात साखरेऐवजी बारीक पांढरी गोळी. तिचा गोडवा असा, की पितळी भांडं चाटल्यासारखं संध्याकाळपर्यंत तोंड आंबलेलं. सोयाबीनच्या पिठाची पोळी ओल्या पुठ्ठ्यासारखी. आणि भाकरी बंद. चतकोरसुद्धा नाही.

ओट्स पहिल्यांदा शिजवले त्या दिवशीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"ह्याला काय म्हणत्यात?" तिनं चमचा उलटा करून बघितला. चमच्यातलं खाली पडेना.

"ओट्स. परदेशात साहेब लोक खातात."

"साहेबाच्या घोड्याला घालत असतील." तिनं जिभेला लावलं आणि वाटी सरकवली. "ही खळ हाय. इलेक्शनला पोरं पोस्टर चिटकवायला शिजवत्यात तसली."

"गुमान खा."

"तुमीच खा की. तुमचंच पोस्टर पडायलंय."

त्या वर्षी मी पंचायतीला पडलो होतो. मी वाटी परत तिच्यापुढं सरकवली आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहिलो. त्यात आजाराची काळजी किती आणि पोस्टरचा राग किती, ते आज विचारलं तर मी खरं उत्तर देईन. रागच जास्त.

पहिला आठवडाभर मीही तिच्याबरोबर तो रस प्यायलो. मग सोडला. माझी साखर तेव्हा कुठं वाढली होती? बाजारच्या दिवशी परळीला गेलो की हॉटेलात मटण-भाकरी खायचो आणि घरी येऊन तिच्या पेल्यात रस किती उरला ते बघायचो.

"खाऊन आलात," ती म्हणायची.

"कोण म्हणतं?"

"हात हुंगा तुमचा. रस्सा अजून नखात हाय."

ती वाळली. गळ्याची हाडं वर आली, चोळी सैल पडली. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला दाखवायचो, बैल पोसून बाजारात दाखवावा तसा, फक्त उलटा. बघा, किती उतरली. दुपारच्या आधी तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे, बोलता बोलता शब्द विसरायची. व्याख्यानवाल्यानं सांगितलं होतं, शरीरातलं विष बाहेर पडताना असं होतं. मी तेच वाक्य घरात ऐकवायचो.

हे विष नाही, असं म्हणणारी घरात एकच होती. सून. ती वडवणीकडची. तिचे आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, आणि लहानपणी तीही त्यांच्याबरोबर फडावर राहिलेली. आमच्या मानानं सोयरीक हलकी, असं मी लग्नातही चारचौघांत बोललो होतो. मुलाला मुलगी आवडली म्हणून केलं. ती मला मामा म्हणायची, सासूला आत्या.

"मामा, आत्याला रोज घाम फुटायलाय. हात गार पडत्यात. एक चतकोर भाकरी दिऊ का गोळीच्या नंतर?"

"तू डॉक्टर हाईस का?"

"न्हाई मामा, पण..."

"वडवणीला मेडिकल कॉलेज कधी निघालं? आमाला तर म्हायतच न्हाई."

मुलगा हसला. मी हसलो. बायको हसली नाही, पण बोललीही नाही. सून आत गेली.

मग येळवस आली. दूरच्या वाचकांसाठी सांगतो. मार्गशीर्षाच्या शेवटी येणाऱ्या अमावास्येला आमच्या भागात सगळं गाव शेतात जेवतं. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. कडब्याची खोप करून आत पूजा मांडतात आणि मग पंगत बसते. शेंगाभाज्यांची घट्ट भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची गुळातली खीर. बायका आदल्या दिवसापासून रांधत असतात. पूजा झाल्याशिवाय आणि आलेला पाहुणा पंगतीला बसल्याशिवाय घरची बाई तोंडात घास घालत नाही.

त्या वर्षी मी तालुक्याच्या एका पुढाऱ्याला जेवायला बोलावलं होतं. मला पुन्हा तिकीट हवं होतं. तो दुपारच्या आत येतो म्हणाला.

बायको पहाटेच उठून चुलीपुढं बसली. तिची गोळी मी माझ्या हातानं दिली. वर कारल्याचा रस. गोळीनंतर जेवायचं असतं हे मला ठाऊक होतं. पण जेवण शेतातच होणार होतं, आणि त्यातलंही तिला काही चालणार नव्हतं. तिच्यासाठी मी एका डब्यात काकडी, मुळा आणि वाफवलेली पानकोबी घेतली होती, मिठाशिवाय. पुढारी येईना. ऊन वर आलं, कलायला लागलं. लेकरांना बायकांनी खोपीच्या मागं नेऊन काहीबाही चारलं. सून दोनदा माझ्याजवळ आली.

"मामा, आत्या कसंच करायल्यात. पूजा उरकून घ्या की."

"साहेब यायलेत. जरा दम धर."

साहेब आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. मागं चार गाड्या. मी धावपळ करून पूजा उरकली, पंगत बसवली. बायको खोपीच्या तोंडाशी बसली होती, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत. मी तिच्या हातात तो डबा दिला आणि साहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो, "आमच्या मंडळींनी भाकरी सोडली साहेब. साखर गाव सोडून पळाली."

साहेब म्हणाले, "वा."

आणि बायको उठली. डबा तिनं माझ्या छातीवर फेकला. पानकोबी माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर.

"तू खा!" ती ओरडली. लग्न झाल्यापासून तिनं मला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. "तू खा हे! मला उपाशी मारायला लागलास. गुरांचं दावणीतलं काढून मला घालायलास. मटण खाऊन येतोस परळीहून. सांगू का साहेबाला? सांगू?"

पंगत थिजली. कुणीतरी हसलं. साहेबांनी आंबिलीच्या भांड्यात बघितलं.

"पिऊन आल्यागत बोलायलीस," मी म्हणालो. "बस खाली."

ती बसली नाही, पडली. घामानं थबथबलेली, डोळे अर्धे उघडे, जीभ जड. ओठ मात्र हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. सून वाढता वाढता तिथंच खिरीची वाटी घेऊन धावली. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटानं खीर गालाच्या आतून लावायला लागली. थोडी थोडी. बायको चाटत होती, गिळत होती. तिनं डोळे जरा उघडले. हे मी बघितलं. नीट बघितलं.

पण त्या वेळी माझ्या सदऱ्यावर पानकोबी होती आणि साहेब बघत होते. मी पुढं झालो आणि सुनेच्या हातावर मारलं. वाटी मातीत गेली.

"सासूला मारायला निघालीस का, सटवे? साखर हाय तिला, साखर! आणि खीर चारतीस?"

"मामा, उपाशी हायत त्या..."

"गप!"

साहेबांच्या गाडीतून बायकोला परळीला नेलं. रस्त्यात तिनं पाणी मागितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट टोचून साखर बघितली आणि सलाईन लावलं. मग मला एकट्याला आत बोलावलं आणि दार लावलं.

"काय खाल्लं होतं यांनी?"

मी सांगितलं. रस, गोळी आणि मग काही नाही. त्यांनी खोदून विचारलं तसं रोजचंही सगळं सांगितलं. 

"गोळी पोटभर जेवणाऱ्या माणसाची आणि जेवण तुरुंगातलं. साखर वाढली नव्हती, तळाला गेली होती. अजूनही कमीच आहे. गोड कुणी दिलं?"

"सुनेनं."

"तिच्यामुळं तुमची बायको जिवंत आहे. तिला सांगा, पुन्हा असं झालं तर असंच करायचं. आणि ते व्याख्यान-बिख्यान बंद करा."

मी दार उघडून बाहेर आलो. व्हरांड्यात मुलगा होता, गावातली चार माणसं होती आणि साहेबांचा एक कार्यकर्ता होता, साहेबांना काय सांगायचं ते विचारायला थांबलेला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं ते हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर बायको पंगतीत जे ओरडली ते सगळं खरं ठरत होतं. मी बायकोला उपाशी मारत होतो, हे साहेबांपर्यंत गेलं असतं.

"साखर लई वाढलती," मी म्हणालो. "खिरीनं झालं. डॉक्टर म्हणले, अजून दोन घास गेले असते तर संपलंच होतं."

मुलानं भिंतीवर मूठ मारली. कार्यकर्ता मान हलवत फोन लावायला गेला. एवढं सोपं होतं ते.

पुढं मी ते आणखी पक्कं केलं. सुनेच्या बापाला वडवणीहून बोलावून घेतलं. तो आला, उसाच्या मोळ्या वाहून वाकलेला माणूस. चार माणसांत मी त्याला त्याच्या मुलीचा प्रताप सांगितला. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही. हात जोडले, माझ्या पायांकडं वाकला, आणि पोरीला समज देतो म्हणून थोड्या दिवसांसाठी घेऊन गेला. मी त्याला चहा पाजला. मोठेपणा म्हणून.

सुनेची खरी शिक्षा दुसरीकडंच होती. बायकोला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. साखर तळाला गेल्यावर तसं होतं म्हणतात. घरी आणल्यावर तिनं मला विचारलं, "अवं, खरंच तिनं चारली का मला खीर?"

"हो."

"मी नको म्हणले न्हाई?"

"तू शुद्धीत कुठं होतीस?"

"मला वाटलं होतं, या घरात ती एकटी माझी हाय," ती म्हणाली. बास. त्यानंतर तिनं सुनेच्या हातचं खाल्लं नाही. आजारी असली तरी उठून आपलं आपण करून घ्यायची. सुनेनं ठेवलेला पाण्याचा तांब्या ओतून पुन्हा भरायची. आणि मी? मी गुपचूप भाकरी सुरू केली. पथ्यात सुधारणा झाली म्हणून सांगितलं. कुणी विचारलंही नाही. भाकरी सुरू झाल्यावर घाम थांबला, थरथर थांबली, गालावर मांस आलं. लोक म्हणाले, सुनेला वेळेवर आवरलं म्हणून. मीही मान हलवली.

बायको त्यानंतर काही वर्षं जगली. शेवटी मूत्रपिंडं गेली. अंथरुणावर असताना तिचं सगळं सून करायची. धुणं, पुसणं, कूस बदलणं. पण तोंडात पाणी घालायची वेळ आली की बायको माझ्याकडं बघायची. "तिच्या हातचं नको." मी पाणी घालायचो. सून पलंगाच्या पायथ्याशी ओलं फडकं घेऊन उभी असायची. त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

आता माझं. दीड-दोन वर्षांपूर्वी मलाही साखरेचा आजार निघाला. मुलानं माझ्यावर सूड उगवल्यासारखं पथ्य सुरू केलं. सूड नव्हता, तो मनापासून करत होता, माझ्याकडूनच शिकला होता. तोच रस, तीच मेथी. ओट्स तर आता गावातल्या किराणा दुकानात मिळतात.  त्या फेसाची चव मला आधी माहीत नव्हती असं नाही, पण ती सोडायची मुभा असणं आणि नसणं यांत फरक असतो. तो मला तेव्हा कळला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गोळी घेतली आणि रागानं ओट्सची वाटी मोरीत ओतली. मुलगा माल विकायला मोंढ्यावर गेला होता. घरात मी आणि सून. थोड्या वेळानं कपाळावर घाम आला. मग हात थरथरायला लागले, दार दोन दिसायला लागलं. काय होतंय ते मला लगेच कळलं. या घरात ते ओळखणारा माझ्यासारखा दुसरा कोण होता?

"साखर आण," मी ओरडलो. "पाण्यात कालव. लवकर."

ती साखरेचा डबा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. डबा छातीशी धरलेला.

"न्हाई मामा. मी न्हाई देणार."

"अगं, मरायलोय मी."

"आत्याच्या वेळी बी मला असंच वाटलतं. उपाशी हायत म्हणून दिलं आणि काय झालं? त्यांना फोन लावते, दवाखान्यात नेत्याल ते. माझ्या हातून गोड न्हाई जाणार कुणाच्या पोटात."

मी उठायला गेलो आणि पलंगाच्या कडेला आदळलो. तिला डबा हिसकावून घेणं मला जमणार नव्हतं. ती घाबरली होती, पण हलत नव्हती. तिला तसं मीच केलं होतं.

"आत्याची साखर कमी झालती," मी म्हणालो. जीभ वळत नव्हती. "वाढली नव्हती. डॉक्टर म्हणला होता, तू वाचवलंस. मी खोटं बोललो. दे."

हे पश्चात्तापानं सांगितलं असं कुणी समजू नये. मला साखर हवी होती.

 मग तिनं डबा उघडला, पेल्यात मूठभर साखर टाकली, पाणी ओतलं, बोटानं ढवळलं आणि पेला माझ्या तोंडाला लावला. हात लांब ठेवून, चावऱ्या जनावराला पाजावं तसं. मी प्यायलो. घाम ओसरेपर्यंत ती समोर जमिनीवर बसून होती. मग विचारलं, "आत्याला म्हायत होतं?"

"नाही."

"मरताना बी?"

"नाही."

"मला कावून न्हाई सांगितलं? लोकाला नका सांगू, पण मला? मी इतकी वर्सं समजत आले की मीच. रात्री उठून त्यांच्या छातीवर हात ठिवून बघायचे, श्वास चालू हाय का. माझ्यामुळं मेल्या म्हणून." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी माणूस हाव का कोण हाव?"

पेला उचलून ती मोरीवर गेली. 

संध्याकाळी मुलगा आला. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. त्यानं आपल्या बायकोकडं बघितलं.

"तू लावलंस का दादांना हे बोलायला?"

"तिनं नाही," मी म्हणालो. "मी माझ्या मनानं सांगायलोय."

"सकाळी शुगर कमी झालती ना तुमची? शुगर बिघडली की माणूस काय बी बरळतं. आईच्या वेळी बघितलं न्हाई का पंगतीत?" तो उठला. "आता भाकरी तिच्या हातची खायची म्हणल्यावर तिच्याच बाजूनं बोलणार तुमी. पडा आता."

त्याची आई पंगतीत जे बरळली होती ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं, हे मी म्हणालो. तोवर तो अंगणात गेला होता.

सून म्हणाली, "त्यांचं जाऊ द्या. माझ्या बापाला सांगायचं. चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडच्या गाडीनं आम्ही वडवणीला गेलो. गाडीत ती माझ्या पुढच्या सीटवर बसली. स्टँडपासून तिच्या घरापर्यंत मी मागं मागं चालत गेलो. तिचा बाप लिंबाखाली बाजेवर बसला होता. आता तो ऊसतोडीला जात नाही, कंबर कामातून गेली. मला बघून उठायला लागला. "या पावणं, या." मी त्याला बसवलं आणि उभ्यानंच सांगितलं. खीर, डॉक्टर, व्हरांडा, सगळं.  सून दारात पाठमोरी उभी होती.

 माझं झाल्यावर तो जमिनीकडं बघत म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या घरून हिला घेऊन निघालो. परळीच्या स्टँडवर ही म्हणायली, आबा, ती बाई उपाशी होती, मी काय वंगाळ केलं न्हाई. मी हिला मारलं. स्टँडवर, लोकांत. जन्मात पयल्यांदा हात उचलला पोरीवर. सरपंच माणूस कशाला खोटं बोलंल, म्हणलं."

मला हे माहीत नव्हतं. तिनं घरात कधी सांगितलं नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं चुकलं ते तुमच्यापाशी. माझ्या हाताचं काय करू मी?" त्यानं तो हात मांडीवर उलटा करून ठेवला, दुसऱ्याचा असल्यासारखा. "जावा तुमी. गाडी हाय आता."

चहाचं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला घेता आला नसता. मी सुनेकडं बघितलं. ती बापाच्या बाजेवर जाऊन बसली होती. "मी न्हाई येत," ती म्हणाली. "घरात सांगून काय उपेग? जिथं बोलला होता तिथं सांगा. सगळ्या गावाला सांगा. मग बघू."

ती अजून वडवणीलाच आहे. मुलगा दोनदा आणायला गेला आणि दोनदा एकटाच परत आला. आता तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे निदान त्याचा विश्वास बसला असावा. गावाचा बसायचा आहे. मी मारुतीच्या पारावर दोघा-चौघांना सांगून बघितलं. एक म्हणाला, "सरपंच, सुनेला परत आणायचंय व्हय?" दुसरा म्हणाला, "शुगर तपासली का आज?" आणि हसले.

खोटं बोललो तेव्हा कुणीही पुरावा मागितला नव्हता.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. पुढच्या ग्रामसभेत मी हे उभ्यानं वाचणार आहे. त्या दिवशी भाकरी खाऊन, वेळेवर गोळी घेऊन जाईन. आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंना सभेत बोलावून घेईन, सगळ्यांसमोर बोट टोचून घेईन, आकडा त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगेन. आणि मग बोलायला सुरुवात करेन.